बरा न झालेला गुडघा

"जड वाटतंय का?" फान वैद्यांनी गुडघ्याच्या वाटीखालची सुई बोटांत हलकेच फिरवली.

"काही नाही," छताकडं बघत चाइयुन म्हणाली.

वैद्यांचा हात थांबला. गळाला मासा लागावा तशी सुई आत आवळली गेली होती; अशा वेळी जड वाटायलाच हवं. आणि मघाशी ही बाई काठी दाराशीच विसरून आत आली होती, तेही त्यांनी पाहिलं होतं.

"वहिनी, नऊ खेपा झाल्या. आता तरी खरं बोला."

"झिजलेलं हाड कुठं बरं होतं?"

"हाड झिजलेलंच राहणार. दुखणं गेलंय."

चाइयुनचा आवाज खाली आला. "योंगलिन बाहेर बसलाय. त्याला सांगा, सुया लागू पडल्या नाहीत. उद्या छिंगमिंगचा सण. थडगी झाडायला सगळं गाव टेकडीवर जाईल. गुडघ्याचं निमित्त सांगून दोन वर्षं टाळलं मी."

"नवऱ्याचं थडगं आहे, वहिनी."

"माझंही आहे. दगडावर दोन नावं कोरलीत. त्याचं काळं, माझं लाल. मी मेले की माझंही काळं करतील. अडतीस वर्षं त्याच्या शेजारी निजले. त्यानं कूस बदलली तरी मी श्वास रोखून धरायची. आता स्वप्नात येतो. हात उगारत नाही. नुसता सरकून जागा करून देतो."

वैद्यांनी एकेक सुई काढून तबकात ठेवली. तिच्या अंगावरचे वळ त्यांनी पूर्वी पाहिले होते आणि काही विचारलं नव्हतं. त्याची त्यांना आज लाज वाटली.

ते पडदा सारून बाहेर गेले. "योंगलिन, नाही जमलं बाबा. तुझ्या आईला तो चढ झेपायचा नाही." आपल्या सुया वाया गेल्या असं त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

योंगलिन हसला. "एवढंच ना, काका? लहानपणी तिनं मला पाठीवर कमी वागवलंय?"

तो उठला आणि पडद्यापाशी आईकडं पाठ करून उकिडवा बसला.

"बस, आई. आजच जाऊन येऊ, उद्या फार गर्दी होईल. तुझं नाव फिकं पडलंय, त्यावर जरा रंगाचा हात फिरवतो."

बाकावरच्या बायका कौतुकानं बघत होत्या. एक म्हणालीसुद्धा, असा मुलगा मिळायला नशीब लागतं. चाइयुननं वैद्यांकडं पाहिलं. ते तबकातल्या सुया उगाच सारख्या करत राहिले.

मग ती मुलाच्या पाठीवर बसली. त्याच्या कमरेला पायांचा विळखा घालताना तिचे गुडघे जरासुद्धा दुखले नाहीत.