पाचशे चार

पुन्हा तेच पांढरं पान. मधोमध आकडा, ५०४.

"परत दाब," समीरदादा म्हणाला. जिज्ञासाने दाबलं. तेच.

आज क्लासचा पहिला दिवस. सकाळी ती बेलवलीच्या घरून निघाली तेव्हा साइट ठीक चालू होती. क्लास सुटला तर बंद. मग तिने तडक विठ्ठलवाडीतलं समीरदादाचं कॉम्प्युटरचं दुकान गाठलं. तो कल्पेशदादाचा जिगरी दोस्त आणि साइट कल्पेशदादाची. तिच्या सख्ख्या भावाची. घरात पडलेली शाळेची जुनी पुस्तकं कुणीही तिथे टाकायची, हवी त्याने फुकट न्यायची. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतची पोरं त्यावर तुटून पडायची. चार महिन्यांपूर्वी दादा बाइक घेऊन बाहेर पडला आणि अपघातात गेला. साइट तेवढी राहिली. ती पडू द्यायची नाही, असं जिज्ञासाने ठरवून टाकलं होतं.

आणि आई? आईने चार महिन्यांत दादाचं नाव काढलं नव्हतं. त्याच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. घरात दादाला धरून ठेवणारी आपण एकटीच, असं जिज्ञासाला वाटायचं आणि आईचा राग राग यायचा.

"हे बघ," समीरदादाने खुर्ची पुढे ओढली. "दोन सर्व्हर असतात. वेब सर्व्हर दारात उभा. कुणी काही मागितलं की तो आत हाक मारतो. आत ॲप्लिकेशन सर्व्हर, खरं काम त्याचं. दारातला आपण भाड्याने घेतलाय, तो एकदम टकाटक आहे. आतला ओ देत नाहीये. ५०४ म्हणजे तेच, हाक मारून वाट बघितली, उत्तर नाही."

"आतला म्हणजे दादाच्या खोलीतला कॉम्प्युटर?"

"तोच. नुसता प्रोग्राम पडला असता तर निदान नकार तरी आला असता. इथे नकारपण नाही. मशीनच बंद आहे. आज शुक्रवार ना, दुरुस्तीसाठी लाईट घालवली असेल तुमच्याकडे. फोन लाव."

तिने लावला.

"आई, लाईट आहे का?"

"आहे की."

"मग जरा दादाच्या खोलीत जा ना. टेबलाखाली काळा डबा आहे बघ, त्याचं बटण..."

"मीच बंद केलंय."

जिज्ञासाचं डोकंच सरकलं. "का पण? तेवढं एकच चालू होतं त्याचं. तेपण बघवत नाही का तुला?"

समीरदादा उगाच माऊसची वायर सरळ करत बसला.

"त्याचा पंखा घुमतो गं," आई म्हणाली. "रोज तुझी बडबड असते, त्यात ऐकू येत नाही. चार महिन्यांत आज पहिल्यांदाच तू नव्हतीस. मला वाटलं, बसलाय आत. दोन कप चहा टाकला मी. दाराशी जाऊन हाक मारली त्याला. दोनदा मारली. तिसऱ्यांदा मारीन, म्हणून बंद केलं."