उघडा डोळा

“अजून जरा डावीकडे या,” सर म्हणाले, आणि आई दोन टेबलांच्या मधल्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहिली. दोन्ही टेबलांवर समोरासमोर बोटाएवढा एकेक पितळी कर्णा होता. एक तिच्या उजव्या बाजूला, एक डाव्या.

“इथे चालेल?” तिने ठेवणीतल्या कोटाची कॉलर सारखी केली.

“उत्तम. दोन्ही यंत्रं दिसतायत.” सरांनी मोबाइल समोर धरला. “दुपारी बातमी गेली की हाच फोटो दिवाणखान्यात लावा. लेकीने जगात कोणी पाठवली नाही इतक्या वेगाने हवेतून माहिती पाठवली म्हणून सांगा सगळ्यांना. काय गं, ये की तूही.”

मुलगी संगणकाच्या पडद्यापाशी बसली होती. उठता उठता तिने सवयीने त्याच्याकडे पाहिलं आणि तशीच थांबली.

पाठवणाऱ्या कर्ण्यामागे दोन लेझरचा उजेड एका कणाएवढ्या चिपवर एकत्र पडायचा. त्यातून निघालेली लहर हवेतून समोरच्या कर्ण्यात शिरायची. तिच्यावर स्वार होऊन आलेली माहिती नीट पोचली, की पडद्यावरच्या रेघांमध्ये बदामाच्या आकाराचा डोळा उघडायचा. लहर अडली की तो मिटायचा. ही लहर कागदातून जाते, कापडातून जाते. माणसातून जात नाही. अंगातलं पाणीच तिला पिऊन टाकतं.

आई मध्ये उभी होती आणि डोळा टक्क उघडा होता. त्याची पापणीसुद्धा लवत नव्हती.

सरांची पडद्याकडे पाठ होती. आई मोबाइलकडे बघून हसत होती. ‘आई, बाजूला हो’ एवढंच म्हटलं असतं, तर कोणाच्या काही लक्षात आलं नसतं. मुलीच्या ओठांवर ते शब्द आलेही.

“सर,” ती म्हणाली, “आई मध्ये उभी आहे.”

“मग उभ्या राहू देत ना. मीच तर—”

सरांचं वाक्य तिथेच राहिलं. ते सावकाश वळले. पडद्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. मोबाइल धरलेला हात खाली आला.

आईचा चेहरा उतरला. “अगं मनू, माझ्यामुळे काही बिघडलं का?”

“नाही गं. तुझ्यामुळे काहीच बिघडलं नाही, तोच तर घोळ आहे.”

“आपण हे तपासलं नव्हतं?” सरांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

“तपासलं होतं. पण नवीन ॲम्प्लिफायर लावल्यानंतर नाही. डोळा इतका सुरेख उघडला की...”

सर गुडघे टेकून टेबलाखाली शिरले. इकडची केबल आणि तिकडची केबल खालून एकाच पट्टीने बांधून नेली होती. त्यांनी ती पट्टी कापली. पाठवणाऱ्याची केबल हळूहळू दूर ओढली, तसा वरचा डोळा आक्रसत गेला, चिंचोळा झाला आणि विरला. मुलीने आईला हाताला धरून बाजूला घेतलं. आता दोन कर्ण्यांच्या मध्ये हवेशिवाय काही नव्हतं. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

“म्हणजे क्रॉस कनेक्शन होतं,” आई म्हणाली.

टेबलाखालून सर हसले. फार नाही, पण हसले. “अगदी तेच. माहिती हवेतून जातच नव्हती, या केबलमधून त्या केबलमध्ये झिरपत होती.”

ते उठले, गुडघे झटकले आणि फोन लावत दारापाशी गेले. “दुपारचं रद्द करा... नाही, यंत्र चालू आहे. वेगाचा आकडा चुकलाय आमचा... हो, मीच सांगतोय... कधी ते आज नाही सांगता येणार.” पलीकडून बराच वेळ कोणीतरी बोलत राहिलं. सर दाराच्या चौकटीला डोकं टेकवून ऐकत होते.

मुलगी पुन्हा पडद्यापुढे बसली. बोटं कीबोर्डवर होती, पण हलत नव्हती. प्रबंधातलं अख्खं प्रकरण तिला डोळ्यांपुढे कोसळताना दिसत होतं. आईने एक स्टूल ओढलं आणि ती लेकीशेजारी येऊन बसली. तिने पडद्यावरच्या मुंग्यांकडे नजर लावली.

“मघाचं ते खोटं होतं?”

“हो.”

“आणि हे?”

“हे खरं आहे.”

आईने पर्समधून चष्मा काढला, कोटाच्या कडेला पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

“मग हे समजावून सांग मला,” ती म्हणाली. “सावकाश सांग. मला घाई नाही.”