वहीतलं तिसरं अक्षर

कौमुदीच्या आत नीला नावाची दुसरीच कुणी नांदायची. ती काय करून जाई, ते कौमुदीला आठवत नसे. म्हणून उपचार करणाऱ्या बाईंनी वही दिली होती. दोघींनी एकमेकींना लिहायचं. नवऱ्याने, यतिनने, वहीला हात लावणार नाही अशी शपथ घेतली होती.

रविवारी सकाळी गुंगालिन उपनगरातल्या घरात तिने वही उघडली. नीलाच्या तिरक्या अक्षराखाली यतिनचं अक्षर होतं : 'हिची थेरपी बंद करतो. मग तू कायमची राहा.'

तिने मान वर केली. दारात यतिन चहा घेऊन उभा होता. त्याने तिला निरखलं.

"गेली का कौमुदी?"

"नाही," म्हणायला कौमुदीने तोंड उघडलं.

"गेली," तिचेच ओठ हसून म्हणाले.