पांढरा सदरा

परळच्या टॉवरमधल्या नव्या घराची वास्तुशांत होती. मुलाने आणलेला जोधपुरी कोट बाळारामांनी अंगात घातला, गळ्याशी हुक लावला आणि लगेच काढून ठेवला. "श्वास कोंडतो रे. तीस वर्षं गिरणीत कापड विणलंय, अंगाला काय सोसतं ते मला कळतं." "ऑफिसची माणसं येणारेत, बाबा. एक दिवस सोसा की." बाळारामांनी धुऊन धुऊन मऊ झालेला पांढरा सदराच घातला. केटररची माणसंही पांढऱ्यातच होती. संध्याकाळी मुलाचे साहेब आले. मुलाशेजारी उभ्या बाळारामांना म्हणाले, "काका, जरा पाणी आणा." बाळारामांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा नजर वळवून म्हणाला, "काका, दोन ग्लास आणा." बाळारामांनी दोन ग्लास भरून आणले. पहिला पाहुण्यांना दिला. दुसऱ्याचा ओला तळ सदऱ्याच्या मऊ टोकाने पुसून, ग्लास मुलापुढे धरत ते म्हणाले, "घ्या, साहेब."