आरतीची सोडत

अनुजाला बघून बिघडलेला मिक्सरसुद्धा गुपचूप फिरायचा, म्हणून नायगावच्या चाळीने मंडळाचा सर्व्हर तिच्यावरच सोपवलेला. चाळ पाडण्याआधीचा हा शेवटचा गणपती. पहिल्या आरतीचा मान यंदा चिठ्ठ्यांऐवजी कॉम्प्युटर ठरवणार होता. सोळा नंबरच्या खोलीतली तिची आई वीस वर्षं त्या मानाची वाट बघत होती. सोडतीचा प्रोग्रॅम लिहिलेला शेजारच्या मयूरने, अनुजाच्या राखीच्या भावाने. अनुजाने सर्व्हरच्या लिनक्सवर तो प्रोग्रॅम चालवणारं पीएचपी बसवलं, पण सर्व्हरला त्याचं मॉड्यूल जोडायचं राहिलं. बटण दाबताच प्रोग्रॅम चाललाच नाही; त्यातली ओळन्ओळ मंडपातल्या पडद्यावर उघडी पडली. त्यातल्या एका इंग्रजी ओळीचा अर्थ सरळ होता: 'सोळा आला, तर दुसरा नंबर काढ.' भावानेच केसाने गळा कापलेला! "मावशीला आरतीचं ताट झेपलं नसतं गं," मयूर कुजबुजला. "मॉड्यूल जोड पटकन, सगळं झाकलं जाईल." "काय लिवलंय गो इंग्रजीत?" आईने विचारलं. अनुजाने कीबोर्ड सोडून माईक उचलला.