वाणाची डबी

"या चूर्णात स्टेरॉइड आणि दुखण्याच्या गोळ्या कुटून घातल्यात," डॉक्टर रिपोर्ट दाखवत म्हणाले. "तुमच्या सासूबाईंच्या किडन्या त्यानंच गेल्या."

वैद्यबुवा तर म्हणाले होते, निव्वळ झाडपाला! आठ दिवसांत सासूबाईंची काठी सुटली होती. त्या आनंदात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी त्याच चूर्णाच्या डब्या वाण म्हणून लुटल्या. सतरा जणींना.

दिलेलं वाण कुणी परत मागत नाही. तरी हॉस्पिटलमधून तडक मांडकेवहिनींकडे गेले.

दार उघडलं ते त्यांच्या सासूबाईंनी. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, आज स्वतःच्या पायांवर उभ्या होत्या. चेहरा मात्र सुजल्यासारखा गोल.

"बरं झालं आलीस," माझे हात धरत त्या म्हणाल्या. "डबी संपत आलीय गं. अजून एक देशील?"