चाचणीचं वाक्य

“पुन्हा एकदा, अगं. हे शेवटचं,” हिशेबनीस म्हणाले, आणि पलंगाजवळच्या स्टुलावरचा राखाडी लॅपटॉप उचलून तिथे काळा ठेवला.

बायकोने डोळे वर केले. हात, मान, जीभ, सगळं आजाराने एकामागून एक नेलं होतं. हलायचे ते फक्त डोळे. पडद्यावरच्या ज्या अक्षरावर ती नजर रोखी, ते कॅमेरा टिपत असे. तिने डोळे मिटले, की जमलेली अक्षरं यंत्र तिच्या वतीने बोलून दाखवी. तिचा नेहमीचा लॅपटॉप गेल्या आठवड्यात एकाएकी बंद पडला होता. तेव्हापासून घरात एकटे हिशेबनीसच बोलत होते, आणि त्यांना आपल्याच आवाजाची चीड यायला लागली होती.

भाच्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने काल हे दोन जुने आणून दिले. “दोन्ही दोन कोअरचेच, म्हणजे साध्यातलेच, मामा, आणि दोन्ही म्हातारे. काळ्याचा प्रोसेसर जोरात पळतो, पण लगेच तापतो. राखाडीचा हळू, पण दमत नाही. डावं-उजवं करण्यासारखं काही नाही त्यांच्यात. उद्या संध्याकाळी एक परत द्या, दुसऱ्या गिऱ्हाइकाला कबूल केलाय.”

डावं-उजवं करण्यासारखं काही नाही म्हणे! हे सांगतोय कुणाला? साधा पंखा घ्यायचा तर हिशेबनीस सगळी दुकानं पालथी घालत, आणि पंखा घरी येईपर्यंत उन्हाळा संपलेला असे. “थंडीत काय मस्त वारा येतो हो याचा,” असं बायको म्हणायची.

आता तेवढी थट्टा करायलाही तिला यंत्र लागणार होतं. त्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पापण्यांतलं बळही चाललंय. सकाळी असेल तेवढंच, ते संपलं की दिवस संपला. यंत्र एकेका अक्षरापाशी रेंगाळलं, तर तिचं वाक्य अर्ध्यावरच राहणार. आपण चुकीचा निवडला, तर हिची उरलीसुरली वाचा आपणच बंद केली असं होईल. या धास्तीने रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

म्हणून सकाळी उठल्या उठल्या ते चाचणीला बसले. स्टुलावरची पाण्याची वाटी आणि चमचा त्यांनी आधी स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. यंत्रावर सांडलं, म्हणजे झालंच कल्याण. तुलना करायची तर वाक्य एकच हवं. “मला पाणी द्या,” त्यांनी ठरवलं. छोटं आहे, काना-वेलांटी आहे, जोडाक्षरही आहे.

आधी काळा ते वाक्य बोलला. मग राखाडी बोलला, आणि काळ्याहून लवकर. असं कसं? मग त्यांना दिसलं, काळ्याचा प्लग सैल होता. बॅटरीवर असलं की हे यंत्र आपला वेग आवरतं, असं भाच्याने बजावून सांगितलं होतं. म्हणजे मुळात चाचणीच चुकली! त्यांनी कपाळावर हात मारला, प्लग घट्ट बसवला आणि ‘शेवटचं’ म्हणून पुन्हा सुरू केलं.

बायकोने अक्षरं गोळा केली. “मला पाणी द्या,” काळा बोलला. या खेपेला लवकर.

“बघ, किती फरक पडला! पण आत्ता तो थंड होता. तापल्यावर काय करतो ते पाहायला नको? आणखी एकदा.”

तिने पडद्यावरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“अशी बघू नकोस ना. तुझ्यासाठीच जिवाचा आटापिटा करतोय मी,” ते म्हणाले. “एकदाच. माझ्यासाठी.”

तिची नजर सावकाश पडद्याकडे वळली. आतला पंखा घरघरायला लागला. “मला पाणी द्या.”

“वा! तापूनही पळतोय! ठरलं, काळाच ठेवायचा.” हिशेबनिसांनी डोळे पुसत भाच्याला फोन लावायला घेतला.

“मला पाणी द्या,” काळा पुन्हा बोलला.

“अगं, झाली आता चाचणी! पास झाला तो!” ते हसले.

तिची डावी पापणी खाली आली ती वर गेली नाही. उजवा डोळा तेवढा पडद्यावर होता. एक अक्षर उमटलं, ख. मग रं. पंखा किंचाळायला लागला आणि पडदा तिथेच अडकला. पुढच्या अक्षरावर तिने नजर रोखून धरली होती, पण ते काही उमटेना.

“खरं? काय खरं?” हिशेबनीस वाकून म्हणाले, आणि आज पहिल्यांदाच त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. ओठ सुकून एकमेकांना चिकटले होते. स्टुलावर, लॅपटॉपच्या बाजूला, रोजच्या वाटीचा गोल डाग होता.

ते धावत स्वयंपाकघरात गेले, धावत परत आले. तोवर तिचा उजवा डोळाही मिटला होता. पहिला चमचा ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळला. दुसरा आत गेला. मग डोळे मिटलेल्या तिच्या गळ्याची घाई सुरू झाली, चमच्यामागून चमचा, आणि वाटीतलं निम्मं पाणी लॅपटॉपवर सांडलं तरी त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

“अगं, मला वाटलं... मला वाटलं तू...”

तेवढ्यात पंख्याची घरघर उतरली. अडकलेलं यंत्र मोकळं झालं, आणि त्यांच्या कोपराशी आपल्या सपाट आवाजात म्हणालं, “खरंच.”